तव्यावरची अंडी

“खाली वाका! डोकं खाली!” आदिनाथ ओरडला, आणि होडीतल्या सगळ्यांनी माना गुडघ्यांत खुपसल्या.

डोक्यावरून सुर्रकन काहीतरी गेलं. हर्षलची टोपी उडाली ती थेट पाण्यात!

“ड्रोन होता का?” हर्षलने एक डोळा उघडून विचारलं.

“ड्रोन कसला! सुरय हाय ती, नदीवरलं पाखरू,” वल्हं मारता मारता कोंडीरामआबा हसले. “तिच्या घराजवळ आलाय तुमी. ती पावन्याला आदी दम भरती, मंग वळखती!”

दिशा आणि तिचा धाकटा भाऊ हर्षल नगरच्या सावेडीहून उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे आले होते. मामाचं गाव धरणाच्या फुगवट्याच्या अगदी काठावर. मामाचा मुलगा आदिनाथ दिशाच्याच वयाचा, यंदा आठवीत जाणारा. त्याच्या वर्गातली स्नेहल समोर होडीच्या टोकाला, नाळेवर बसली होती. होडी तिच्या आजोबांची, म्हणजे कोंडीरामआबांची. ते या पाण्यात मासेमारी करत आणि नात हट्ट करेल तेव्हा पोरांना फिरवून आणत.

समोर ते बेट होतं. काळंभोर, गोल, मधोमध जरासं फुगलेलं. ना झाड, ना झोपडी. गावातले लोक त्याला ‘तवा’ म्हणत. भर उन्हात त्याच्यावरून अशी वाफेसारखी झळ उठायची की खरंच कुणीतरी खाली चूल पेटवलीय असं वाटावं.

“हा दगड एके काळी वाहत होता, माहितीये?” दिशा म्हणाली.

“दगड? आणि वाहत?” आदिनाथने तोंड वाकडं केलं.

“अरे, लाव्हा! जमिनीला भेगा पडल्या आणि त्यातून उकळता लाव्हा बाहेर आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. थरावर थर! तो थंड झाला तो हा काळा दगड. आपला जवळजवळ अख्खा जिल्हा त्याच्यावर बसलाय!”

“म्हंजी आमचं गाव ज्वालामुखीवर हाय?”

“विझलेल्या लाव्ह्यावर!”

“नक्की विझलाय ना?” हर्षलने होडीची कड घट्ट धरली, आणि सगळे खो खो हसले.

आबांनी होडी बेटापासून बरीच लांब थांबवली. “हितून बघायचं. उतरायचं न्हाई. आपन उतरलो की त्या उठत्यात, आन् त्या उठल्या की अंडी उन्हात शिजत्यात.”

“कुठायत अंडी?” दिशाने दुर्बीण डोळ्यांना लावली. काळे दगड, करडे दगड, ठिपक्यांचे दगड. दगडच दगड!

“माझ्या बोटाच्या सरळ रेषेत बघ,” स्नेहल हळूच म्हणाली. “ती चकाकणारी गारगोटी दिसती? तिच्या डाव्या अंगाला.”

दिशा बघत राहिली. आणि एकाएकी ते ठिपक्यांचे दोन दगड दगड राहिले नाहीत! ती अंडी होती. हिरवट करडी, वर तपकिरी शिंतोडे. घरटं नाही, काडी नाही, नुसती उघड्या दगडावर ठेवलेली. मग तिला शेजारची दिसली. मग त्यापलीकडची. जणू कुणीतरी डोळ्यांवरचं फडकं काढलं. सगळं बेट अंड्यांनी भरलेलं होतं!

“बाप रे!” तिच्या तोंडून एवढंच निघालं.

तेवढ्यात एक सुरय होडीजवळ आली. डोक्यावर काळी टोपी, पिवळीधमक चोच, लाल पाय, आणि लांब दुभंगलेली शेपटी. ती पाण्याला टेकली, पोट बुडवलं, पुन्हा उडाली आणि थेंब गाळत बेटावर जाऊन अंड्यांवर बसली. थोड्या वेळाने दुसरी आली. तिनेही पोट भिजवलं.

“ही काय करते?” हर्षलने विचारलं.

“अंड्यांवर पानी शिंपडती,” स्नेहल म्हणाली. “पोटाची पिसं भिजवून नेती. नर आन् मादी पाळीपाळीनं. दिवसभर!”

एवढ्या तापलेल्या दगडावर, एवढ्याशा पोटाने आणलेल्या पाण्यावर ती पिल्लं जगणार होती!

“या सुरया आता फार कमी उरल्यात,” दिशा म्हणाली. “नद्यांची वाळू गेली, अंडी घालायला जागाच नाही.”

पण स्नेहलचं लक्ष भलतीकडेच होतं. तिच्या कपाळाला आठी पडली होती. “आबा, ती पलीकडची कड बघा. परवा तिथं दाटीनं बसल्या हुत्या. आता एक बी न्हाई!”

आबांनी डोळ्यांवर हात धरला. “व्हय की! अंड्यांची टरफलं बी दिसंनात. घार न्हाई ही. घार अशी झाडून न्हेत न्हाई.”

“मग कोण?” आदिनाथने विचारलं.

आबांनी वल्हं उचललं आणि होडी मागे वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघंही काठावरच्या बाभळीखाली पालथी पडून होती. पहारा! दुर्बीण एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होती. हर्षलच्या खिशातले शेंगदाणे कधीच संपले होते.

“काहीच होत नाही,” तो कुरकुरला. “मुंग्या मात्र चावतायत.”

“गप पड!” आदिनाथने त्याला दाबलं.

आणि अचानक बेटावरच्या सगळ्या सुरया एकदम उठल्या. पांढरा ढगच! त्यांच्या कर्कश ओरड्याने पाणी दणाणून गेलं. दिशाने दुर्बीण फिरवली आणि तिचा श्वास अडकला.

“कुत्रं!” ती पुटपुटली. “कुत्रं पाण्यावरून चालतंय!”

“ऊन लागलं का तुला?” आदिनाथने दुर्बीण ओढून घेतली. आणि त्याचाही जबडा खाली आला. एक भुरकट कुत्रं बेटाकडून पलीकडच्या काठाकडे चाललं होतं. पोहत नव्हतं, चालत होतं! चारही पाय दिसत होते. त्याच्यामागे आणखी दोन.

“भूत असेल,” हर्षल म्हणाला.

“भुताची शेपटी एवढी हलत न्हाई,” स्नेहल उठत म्हणाली. “चला पलीकडं!”

पाणी ओसरलं की काठाची जमीन उघडी पडते आणि गावकरी तिथे गाळपेर करतात. त्या हिरव्या मक्याच्या कडेकडेने धावत चौघं पलीकडच्या काठाला पोचली. तिथे बाभळीच्या जाळीमागे त्यांना ट्रॉलीच्या चाकांचे खोल ठसे दिसले. ठसे सरळ पाण्यात उतरत होते!

आदिनाथने पायजमा वर खोचला आणि पाण्यात पाय टाकला. घोटाभर पाणी. आणखी पुढे गेला. तरीही घोटाभरच!

“जुनी वाट!” स्नेहल ओरडली. “आबा सांगत्यात ना, धरणात गेलेल्या गावाची वाट तव्याला लागून जायची. पाणी उतरलं की ती वर येती. पण मधी खोल नळी हाय, तिथं माणूस बुडंल एवढं पाणी असतं! कुत्र्याची काय बिशाद!”

आदिनाथ आणखी पुढे गेला, वाकला आणि त्याने ओंजळभर काहीतरी वर काढलं. लालसर, ताजा मुरूम.

“नळी बुजवलीय,” तो गंभीरपणे म्हणाला. “कुणीतरी मुद्दाम.”

तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. “लपा!” दिशाने हर्षलला मक्यात ढकललं. पानं गालांना कापत होती, पण कुणी हूं का चूं केलं नाही.

मुरूम भरलेली ट्रॉली काठाशी थांबली. ट्रॅक्टरवरून कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट घातलेले एक गृहस्थ उतरले. काठावरच्या हॉटेलचे मालक कानिफनाथ, गावाचे कानिफकाका. त्यांचा आवाज एवढा दणदणीत की ते हॉटेलात चहा मागायचे आणि गावात पाहुण्यांना कळायचं.

“अजून एवढी टाकली की टेम्पो थेट बेटावर!” काका ड्रायव्हरला सांगत होते. “उद्या सांच्याला तिथं टेबलं, लायटिंग, डीजे, फटाके! नगरपासून लोक येनारेत माझ्या वाढदिवसाला. पान्याच्या मधोमध पार्टी! कुनाकडं हाय असली जागा? विषय संपला!”

मक्यात चार चेहरे पांढरे पडले.

“डीजे?” हर्षल कुजबुजला. “तव्यावर?”

घरी येऊन त्यांनी धापा टाकत सगळं सचिनमामांना सांगितलं. मामांनी लगेच वनरक्षक जयमाला मॅडमना फोन लावला. मॅडम पलीकडच्या तालुक्यात होत्या. उसातला बिबट्या विहिरीत पडला होता आणि त्याला काढायचं काम चालू होतं.

“उद्या दुपारपर्यंत पोचते,” त्या ओरडून सांगत होत्या. मागे माणसांचा गलका होता. “तोवर बेटावर कुणाला जाऊ देऊ नका!”

मग मामांनी कानिफकाकांना फोन केला. फोन कानापासून हातभर लांब असूनही सगळ्यांना काका ऐकू येत होते. “अरे सचिन, कसली अंडी? मी सोता जाऊन आलोय. नुसते दगडं हायेत! पोरं सुट्टीत काय बी बघत्यात. विषय संपला!”

मामांनी फोन ठेवला. “त्यांना दिसलेलंच नाही तर ते मानणार कसे?”

“दिसलेलंच नाही,” दिशा स्वतःशीच म्हणाली. मग तिचे डोळे चमकले. “मलाही नव्हतं दिसलं! काकांना दाखवायलाच हवं.”

“ते पोरांचं ऐकून येतील व्हय तिकडं?” आदिनाथ म्हणाला.

“अंडी बघायला नाही येणार. पण स्वतःची रील काढायला?”

स्नेहलने टाळी वाजवली. “पळत येतील!”

आणि तसंच झालं! सकाळी टेम्पो यायच्या आधी मामांना बरोबर घेऊन चौघं हॉटेलवर गेली. “काका, बेटाची जाहिरात करायची ना? आम्ही शूट करतो,” दिशाने गोड आवाजात म्हटल्यावर काकांनी आरशात बघून मिश्यांना पीळ दिला.

बुजवलेल्या वाटेवरून पाणी तुडवत सगळे बेटाकडे निघाले. ऊन चटका देऊ लागलं होतं.

“काका, फक्त या ओल्या कडेवरून चालायचं,” स्नेहलने बजावलं. “लाटा येत्यात म्हणून हितं अंडी नसत्यात. आपण वर जायचंच न्हाई. इथूनच बघायचं, आन् लगेच मागं फिरायचं.”

“बरं बरं!” काका म्हणाले. हर्षलने मोबाईल समोर धरला. कॅमेरा बघताच काकांची छाती फुगली. “नमस्कार मंडळी! हे बघा आपलं बेट! मोकळं रान! हितं टेबलं, हितं डीजे…”

“काका, थांबा! पुढे नको!” दिशा किंचाळली.

पण काका ऐकतात कुठले! हात पसरून ते तीन ढांगा वर चढले होते.

कच्च!

आवाज अगदी बारीक होता. पण सगळ्यांना ऐकू आला. काकांनाही. त्यांनी पाय उचलला आणि खाली पाहिलं. काळ्या दगडावर पिवळा ओघळ पसरत होता.

“काका, पाय खाली ठेवू नका!” स्नेहल ओरडली.

“मग कुठं ठेवू?” काका एका पायावर डुलत होते. वरून सुरया चित्कारत सूर मारत होत्या. एकीने नेम धरून पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर शिटलं. कुणाला हसूसुद्धा आलं नाही.

“डाव्या अंगाला दोन अंडी हायेत. उजव्या अंगाला पिल्लू हाय.”

“कुठाय पिल्लू? दगडच तर हाय!”

आणि त्या दगडाने चोच उघडली.

काका बघतच राहिले. ठिपक्यांचा एक एवढासा गोळा, दगडाला चिकटून बसलेला, काळे डोळे टकटक उघडे. आईने ‘हलू नको’ म्हणून सांगितलेलं, म्हणून मरणाच्या भीतीतही न हलणारा. त्याचा गळा मात्र धडधडत होता. मग काकांची नजर पुढे सरकली. आणि पुढे. दिशाला त्यांचा चेहरा बदलताना दिसला. तिला कळलं, फडकं निघालं!

“आई शप्पथ,” काका म्हणाले. दणदणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. “ही तर सगळीकडं हायेत. पोरी, मला बाहेर काढ!”

“माझ्या बोटाकडं बघा,” स्नेहल शांतपणे म्हणाली. “टाच मागं. अजून थोडी. आता तिथं टेका. दुसरा पाय त्या सपाट दगडावर.”

घामाने निथळत काका एकदाचे ओल्या कडेवर आले. “चला, लवकर! त्यांना बसू दे,” आदिनाथने घाई केली. सगळे वाटेवरून मागे आले आणि बेटापासून दूर, पाण्यातच थांबले.

पांढरा ढग हळूहळू खाली उतरला. पाण्याला पोट टेकवून एक सुरय परत आली. थेंब गाळत ती त्याच जागी उतरली. फुटलेल्या अंड्याभोवती फिरली. चोचीने टरफलाला हलकेच स्पर्श केला. मग शेजारी उरलेल्या अंड्यावर ओलं पोट टेकवून बसली, उन्हाकडे पाठ करून.

काकांनी खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले.

“मी तिथंच उभा राहून जागा मोजून गेल्तो,” ते म्हणाले. “मला दिसलंच न्हाई रं.”

हर्षल मोबाईलकडे बघत चाचरला, “काका, हे… डिलीट करू?”

“न्हाई. ठिव. मला पुन्ना असलं कायतरी सुचलं तर दाखव.”

नेमका तेव्हाच मंडपाचा टेम्पो काठावर आला. वर खांब, खुर्च्या आणि कपाटाएवढे स्पीकर! ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि गाडी पाण्यात घातली. पुढच्या क्षणी कानिफकाका पाणी उडवत धावत सुटले आणि दोन्ही हात पसरून टेम्पोसमोर उभे राहिले.

“मागं! मागं घे गाडी!”

“शेठ, तुमीच तर बोलावलं!”

“आता मीच मागं धाडतोय! पार्टी हाटेलामागं चिंचेखाली. आन् डीजे हितनंच परत न्यायचा!”

“आणि फटाके?” ड्रायव्हर गोंधळला.

“त्याचं नाव बी काढू नगं!” काका म्हणाले, आणि मग मागे वळून बेटाकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. “हळू बोल. पिल्लं हायेत.”

दुपारी जयमाला मॅडमची जीप आली. गणवेशावर चिखल, डोळ्यांत जागरण; पण बिबट्या सुखरूप जंगलात गेला होता. सगळं ऐकून त्यांनी कानिफकाकांकडे अशी काही नजर टाकली की काका एकदम शाळकरी पोरासारखे उभे राहिले.

“नोटीस मिळेलच तुम्हाला,” मॅडम म्हणाल्या. “पण त्याआधी ती नळी मोकळी करा. आजच. मशीन बेटाकडे न्यायचं नाही, इकडूनच मुरूम उपसायचा.”

“कुत्रं पोहून नाही का जाणार?” दिशाने विचारलं.

“जाऊ शकतं. पण पायाखाली तळ लागला नाही, तर उगाच एवढं पाणी सहसा ओलांडत नाही. आणि कानिफराव, हॉटेलची हाडं काठावर टाकणंही बंद! त्या वासानेच कुत्री इकडे जमतात.”

काकांनी स्वतः जेसीबी आणला. ऊन कलेपर्यंत मुरूम उपसणं चाललं. शेवटचा ढीग उचलला गेला तशी दोन्हीकडचं पाणी एकमेकांवर धावलं, फेसाळलं आणि मिसळून शांत झालं. तवा पुन्हा बेट झाला! काही वेळाने ती भुरकट कुत्री आली. पुढच्याने नळीत पाय बुडवला, तळ लागेना. त्याने पाय झटकला, जांभई दिली आणि ते माघारी फिरलं.

“हुर्रे!” चौघांनी उड्या मारल्या. पण ओरडली मात्र अगदी कुजबुजत!

सुट्टी संपत आली. एका संध्याकाळी शाळेच्या अंगणात गाव जमलं. जयमाला मॅडमनी चौघांना पुढे बोलावलं. “बिबट्याला वाचवायला आम्हाला पिंजरा लागला, जाळी लागली, क्रेन लागली,” त्या म्हणाल्या. “या पोरांनी डोळे उघडे ठेवले आणि दुसऱ्याचेही उघडले. मला वाटतं, त्यांचं काम जास्त अवघड होतं.” टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात कानिफकाका वाजवत होते. सचिनमामांनी नुसता चौघांच्या पाठीवरून हात फिरवला.

सावेडीला परतायच्या आदल्या दिवशी कोंडीरामआबांनी पुन्हा होडी काढली. बेटावर आता पिल्लं कडेकडेने पळत होती, पंख फडफडवत होती, आणि धपकन बसत होती. कोवळं ऊन काळ्या दगडावर पसरलं होतं. जिथे कधी काळी आग वाहिली, तिथे ही इवली इवली पावलं दुडदुडत होती. दिशाला वाटलं, बघतच राहावं.

एक सुरय चोचीत चांदीसारखा मासा घेऊन आली. तिचं पिल्लू चोच वासून धावलं. पण ती खाली उतरलीच नाही! त्याच्या डोक्यावरून, जरा पुढून, जमिनीलगत उडत राहिली. पिल्लू चिडून ओरडत मागे पळालं. दगड संपला तरी पळालं. त्याची नजर माशावरच होती. पाय सुटले, पंख उघडले, आणि खाली पाणी होतं!

चौघांनी श्वास रोखून धरले. पिल्लू डगमगलं, पाण्याला टेकता टेकता सावरलं आणि ओरडत ओरडत आईच्या मागे चाललं. होडीवरून, मोकळ्या पाण्यावरून, पार लांब.

“बघा!” कोंडीरामआबा हळूच म्हणाले. “आपन उडतोय हे त्याला अजून ठावंच न्हाई!”

“शूऽऽ!” हर्षलने घाईने ओठांवर बोट ठेवलं. “त्याला सांगू नका!”